फरक पडला, पण केवढा? इंदापूरचा सारा आणि सुप्याचा दंगा

‘फरक पडला’ एवढं सिद्ध झालं की आपण थांबतो. फरक केवढा, हे विचारायचं राहून जातं. संख्याशास्त्रात याला परिणामाचं आकारमान म्हणतात. आज हा प्रश्न आपण बारामती-इंदापूरच्या इतिहासाला विचारू.

प्रिंगल यांनी निव्वळ उत्पन्नाचे बारीक हिशेब करून बसवलेला सारा रयतेला झेपला नाही. म्हणून १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नवी मोजणी सुरू केली. तीस वर्षांची मुदत संपल्यावर, १८६७ पासून, इंदापूर-भीमथडी भागात सारा वाढला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीने चढलेले कापसाचे भाव उतरत होते. १२ मे १८७५ रोजी सुप्यात लोक सावकारांवर उठले. सुपे तेव्हा भीमथडीत होतं, आज बारामती तालुक्यात आहे.

सरकारने आयोग नेमला. आयोगाचा भर कर्जबाजारीपणावर राहिला. सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र साऱ्यावर वेगळं टिपण लिहिलं. आता बघा, नगर जिल्ह्यात फेरआकारणी अजून व्हायची होती, तरी दंगे तिथेही झाले. म्हणजे सारावाढीचा परिणाम शून्य का? नाही. सारावाढीशिवायही दंगा होऊ शकतो, एवढंच यातून कळतं. तिचा वाटा किती, हे कळत नाही.

एक काल्पनिक हिशेब मांडू. पीक १०० रुपयांचं, सारा १० वरून १५ झाला. रयत म्हणेल, ‘पन्नास टक्के वाढ!’ साहेब म्हणेल, ‘पिकाच्या फक्त पाच टक्के.’ दोघेही खरं बोलतात. जेकब कोहेन यांनी १९६९ च्या ग्रंथात फरकाला प्रमाण विचलनाने भागायला सांगितलं: ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. पावसामुळे पिकाचं प्रमाण विचलन ४० रुपये असेल, तर ५ भागिले ४० म्हणजे ०.१२५. लहानाहूनही लहान! पण बी-बियाणं, बैल, खाणंपिणं आणि जुना सारा जाऊन घरात ८ रुपयेच उरत असतील, तर त्यातले ५ गेले. ते आकडे निव्वळ सोयीचे आहेत, हे कोहेन यांनीही बजावलं होतं.

सरासरीचंही तसंच. १८७४ मध्ये सरकारने वाढीला मर्यादा घातली: तालुक्याला ३३ टक्के, एका गावाला ६६, एका खातेदाराला १००. म्हणजे तालुक्याचा आकडा ‘एक तृतीयांश’ दिसत असताना एखाद्याचा सारा दुप्पट होऊ शकत होता, आणि तेही नियमात बसून.

तेव्हा कुणी ‘परिणाम सिद्ध झाला’ म्हटलं, की आपण दोन प्रश्न विचारायचे. केवढा? आणि कुणाच्या घरात?