कूड, हार्डबोर्ड आणि जिप्सम

मूल परिसरातल्या खेड्यांत जुन्या घरांच्या आतल्या भिंती कुडाच्या असत. बांबूच्या कामट्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण व तणीस यांचा गिलावा द्यायचा. कामट्या ताण सोसतात, माती आग अडवते. आज दोन वर्गांत आडभिंत घालायची तर बाजारात दोन प्रकारच्या फळ्या मिळतात. कुडातले तंतू आणि खनिज हे दोन घटक त्यांनी जणू वाटून घेतले आहेत.

हार्डबोर्ड म्हणजे निव्वळ तंतू. अमेरिकेतील लॉरेल गावी विल्यम मेसन यांनी १९२४ साली लाकडाच्या ढलप्या दाबाखालच्या वाफेत ठेवून दाब एकदम सोडला. ढलप्या फुटून तंतू सुटे झाले. ते तापवून दाबले, तेव्हा लाकडातल्याच लिग्निनने त्यांना बांधून ठेवले. कागद करताना नेमके उलट घडते. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या गिरणीत आपल्याच जंगलातल्या बांबूतून लिग्निन काढून टाकून लगदा केला जाई.

दुसरी फळी याआधीची. ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ साली कागद आणि प्लास्टर यांचे थर जोडून तिचे पेटंट घेतले. आजच्या फळीत दोन जाड कागदांमध्ये जिप्समचा गाभा असतो. दर १७२ ग्रॅम जिप्सममध्ये ३६ ग्रॅम पाणी स्फटिकात बांधलेले असते. आग लागली की आधी हे पाणी वाफ होऊन निघून जावे लागते. तोवर फळीची मागची बाजू शंभर अंशांच्या फार वर जात नाही. हार्डबोर्ड मात्र स्वतःच जळतो.

मग निवड कोणती? मुले बसतात त्या खोलीत आगीचा विचार आधी करावा, म्हणून जिप्सम. पण छत गळत असेल तर आधी छत दुरुस्त करावे. भिजलेले जिप्सम मऊ पडते, हार्डबोर्ड फुगतो, आणि हार्डबोर्डला वाळवीचीही भीती. कूडही भिजतो, पण पुन्हा लिंपता येतो. फळी मात्र बदलावीच लागते.

हे वर्गात दाखवता येईल. पुष्कळ खडू जिप्समचेच असतात. उन्हात वाळवलेल्या अशा खडूचा तुकडा कोरड्या परीक्षानळीत, तोंड किंचित खाली ठेवून, तापवा. नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतील. कोरड्या दिसणाऱ्या खडूत हे पाणी आले कोठून, ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.