सवचं ऊन पाणी आणि आमवात

वैद्यकाच्या जगात महाडचं नाव निघतं ते विंचवामुळे. रक्तदाबावरचं प्राझोसिन विंचूदंशावर वापरून डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्ण वाचवले, आणि १९८६ साली ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. सांधेदुखीसाठी मात्र या मुलखाला डॉक्टर येईपर्यंत थांबावं लागलं नाही. महाडजवळ, सावित्रीच्या काठी, सव गावात जमिनीतूनच ऊन पाणी वर येतं.

कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे: वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, सव, उन्हवरे, तुरळ, राजापूरचं उन्हाळे. खाली ज्वालामुखी धगधगतोय असं काही नाही. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वाट मिळेल तिथे वर येतं. लोकांनी मात्र त्यात गंधकाचा गुण पाहिला आणि अंगदुखी, खरूज, वात अशा सगळ्यांसाठी एकच कुंड धरलं.

इथेच खरी गोम आहे. चिखलात वाकून लावणी केलेल्या, उतारावर ओझी वाहिलेल्या गुडघ्यांची झीज वेगळी आणि आमवात वेगळा. आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. हाताची बोटं सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही. जुने वैद्य हा फरक जाणून होते. ‘माधवनिदाना’त आमवाताचं वेगळं प्रकरण आहे आणि ‘चक्रदत्त’ त्यावर कोरडा शेक सांगतो, तोही तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीने. घरोघरी मात्र निर्गुडीचा पाला गरम करून बांधत. शेकाने ताठरपणा तेवढ्यापुरता सैल होतो. आतली आग विझत नाही. ऊब कातडीवरून जाते आणि कातडीपाशीच बरीचशी संपते.

युरोपातही कथा कुंडापासूनच सुरू होते. एक्स-ले-बँ या फ्रान्समधल्या ऊन पाण्याच्या गावी जाक फोरेस्तिए हा डॉक्टर होता. आमवात क्षयासारखाच असावा असं वाटून त्याने १९२९च्या सुमारास क्षयावर वापरली जाणारी सोन्याची इंजेक्शनं सांध्यांसाठी दिली. तर्क चुकीचा होता, तरी अनेकांना गुण आला! पुढे १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे संप्रेरक दिलं. अंथरुणाला खिळलेली रुग्ण काही दिवसांत चालू लागली, आणि १९५०चं नोबेल त्या कामाला मिळालं. मग चेहरे सुजू लागले, हाडं ठिसूळ होऊ लागली. औषध सांध्यात गेलं खरं, पण ते सगळ्याच शरीरात गेलं होतं.

औषध नेमकं सुजलेल्या सांध्यातच पोचवायचं कसं, या प्रश्नातून आज एक्झोसोमवर संशोधन चालू आहे. एक्झोसोम म्हणजे पेशी बाहेर टाकतात त्या सूक्ष्म पिशव्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. १९८३ साली माँट्रियलमध्ये रोझ जॉनस्टोन आणि सेंट लुईसमध्ये फिलिप स्टाल यांच्या प्रयोगशाळांना त्या कोवळ्या तांबड्या रक्तपेशींत दिसल्या. बरीच वर्षं त्यांना पेशीचा केरकचरा समजलं गेलं. नंतर कळलं, या पिशव्यांतून पेशी एकमेकींना प्रथिनं नि आरएनए धाडतात, म्हणजे टपालच. मग त्यात औषध का भरू नये? सुजलेल्या सांध्यातल्या मॅक्रोफेज पेशींवर फॉलिक आम्ल पकडणारे ग्राहक जास्त असतात. म्हणून संशोधकांनी डेक्सामेथासोन हे कॉर्टिसोनच्या कुळातलं औषध भरलेल्या एक्झोसोमवर फॉलिक आम्ल चिकटवून पाहिलं. आमवातासारखा आजार जडवलेल्या उंदरांत सूज उतरली.

माणसापर्यंतची वाट अजून लांब आहे. रक्तात सोडलेल्या बऱ्याचशा पिशव्या यकृत आणि प्लीहाच गिळून टाकतात. एकसारख्या, शुद्ध पिशव्या मोठ्या प्रमाणावर बनवणंही सोपं नाही. आमवातावर असं मंजूर औषध आज कुठेच नाही.

तोवर महाडशेजारच्या पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरच्या आमवाताच्या रुग्णाला आज बहुधा मेथोट्रेक्सेट मिळतं. मुळात कर्करोगावरचं हे औषध १९८८ साली अमेरिकेत आमवातासाठी मंजूर झालं. गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, जोडीला फॉलिक आम्ल. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. यकृत आणि रक्तपेशी ठीक आहेत ना, हे पाहायला ठरावीक मुदतीने रक्त तपासावं लागतं. तेवढं सांभाळून रुग्ण सवच्या कुंडात पाय सोडून बसला, तर डॉक्टर हरकत घेत नाहीत.