आयसीयूतल्या बेसिनमधून संसर्ग कसा पसरतो? नुसतं जंतुनाशक ओतून का भागत नाही?

आयसीयूत शिरण्याआधी हात धुवायला सांगतात, कारण संसर्ग टाळण्याचा तो सगळ्यात सोपा उपाय आहे. पण ज्या बेसिनमध्ये हात धुतो, तिथेच जंतूंनी घर केलं असेल तर?

टोरंटोत काय घडलं होतं?

कॅनडातल्या टोरंटो जनरल हॉस्पिटलमध्ये डिसेंबर २००४ ते मार्च २००६ या काळात ३६ रुग्णांमध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू सापडला. अनेक अँटिबायोटिक्सना तो दाद देत नव्हता. शोध घेतल्यावर तोच जिवाणू हात धुण्याच्या बेसिनच्या ड्रेनमध्ये मिळाला.

ड्रेनमध्ये चमकणारा रंग टाकून नळ सोडला, तेव्हा शिंतोडे किमान १ मीटरपर्यंत उडताना दिसले. बेसिन उथळ होतं आणि धार थेट जाळीवर पडत होती. ड्रेनमध्ये जंतुनाशक वापरूनही संसर्ग थांबला नाही. शिंतोडे उडणार नाहीत अशी बेसिनची रचना केल्यावरच तो आटोक्यात आला.

जंतुनाशक कमी का पडतं?

बेसिनखालच्या वाकड्या पाइपात कायम थोडं पाणी साचलेलं असतं. त्याला ट्रॅप म्हणतात. गटाराचा वास वर येऊ नये म्हणून ही सोय असते. पण याच ओलाव्यात जिवाणू बुळबुळीत थर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. ओतलेलं जंतुनाशक काही क्षणांत वाहून जातं आणि थराच्या आतले जिवाणू वाचतात. काही दिवसांत ते पुन्हा वाढतात.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाने २०१७ मध्ये प्रयोगशाळेत बेसिन बसवून हे तपासलं. अन्नांश मिळाल्यावर ट्रॅपमधले जिवाणू रोज सुमारे २.५ सेंटिमीटर वर सरकले आणि आठवडाभरात जाळीपर्यंत पोहोचले. तिथून पाण्याच्या धारेबरोबर ते बाहेर उडाले.

मग उपाय काय?

• बेसिन, नळ आणि आजूबाजूची जागा रोज पुसून निर्जंतुक करणं. आधी स्वच्छ भाग, ड्रेन सगळ्यात शेवटी.
• नळाची धार थेट ड्रेनवर पडणार नाही अशी रचना.
• औषधं आणि रुग्णाचं साहित्य बेसिनपासून किमान १ मीटर दूर, किंवा मध्ये आडोसा.
• हात धुण्याचं बेसिन फक्त हात धुण्यासाठीच.

नेदरलँड्समधल्या नायमेखेन शहरातलं रॅडबाउड हॉस्पिटल याच्याही पुढे गेलं. त्यांनी आयसीयूच्या खोल्यांमधली बेसिनच काढून टाकली आणि रुग्णांसाठी नळाचं पाणी वापरणं बंद केलं. त्यानंतर रुग्णांमध्ये या गटातले जिवाणू सापडण्याचं प्रमाण दर १००० दिवसांमागे २६.३ वरून २१.६ वर आलं.

म्हणजे हात धुवायचे नाहीत का?

धुवायचेच. हात मळलेले असतील तर साबण-पाणी हवंच, एरवी अल्कोहोलचं सॅनिटायझर चालतं. नातेवाइकांनी एवढं सांभाळावं: उरलेला चहा, दूध, ज्यूस किंवा शहाळ्याचं पाणी या बेसिनमध्ये ओतू नये, कारण तेच जिवाणूंचं खाद्य ठरतं. पाण्याची बाटली, डबा किंवा टॉवेल बेसिनच्या कडेवर ठेवू नये. आणि पाणी तुंबलेलं दिसलं तर लगेच नर्सला सांगावं.