बापाच्या नावाची जागा

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात एकोडी आहे. तिथल्या शाळेत पोर पहिलीत दाखल झालं की दाखल-खारीज रजिस्टरात त्याचं नाव तीन तुकड्यांत उतरतं: स्वतःचं, बापाचं, आडनाव. महाराष्ट्रभर हीच रीत. पुढे बोर्डाच्या फॉर्मावर, जातीच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर मधल्या तुकड्याची विचारणा होतच राहते. मग ज्याचा बाप कोण हे कुणालाच ठाऊक नाही, त्या पोराच्या रकान्यात काय भरायचं?

हा पेच जुना आहे आणि फक्त आपलाच नाही. फ्लॉरेन्सचं अनाथालय १४४५ मध्ये उघडलं; तिथली मुलं आश्रमाचंच नाव, इनोचेंती, आडनाव म्हणून लावत. मिलानमध्ये कोलोंबो, कारण तिथल्या इस्पितळाच्या चिन्हात कबुतर होतं. नेपल्समध्ये तर सरळ एस्पोझितो, उघड्यावर टाकलेला. नाव सांगितलं की जन्माची कथाही सांगून झाली! नेपल्सच्या राजवटीने १८१४ मध्ये असं आडनाव द्यायला बंदी केली, पण तोवर ते इतक्या घरांत मुरलं होतं की आजही इटलीत एस्पोझितो ढिगाने भेटतात.

आपल्याकडे अडचण वेगळी होती. जुन्या हिंदू कायद्यात मूल दत्तक द्यायचा हक्क फक्त आईबापांचा. ज्याला आईबापच नाहीत त्याला देणार कोण? म्हणजे ज्याला घराची सगळ्यात जास्त गरज, तोच दत्तकाला अपात्र. १९५६ चा दत्तक कायदा आणि त्यातली १९६२ ची दुरुस्ती यांनंतर पालकाला कोर्टाच्या परवानगीने असं मूल देता येऊ लागलं.

त्याच्या कितीतरी आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं. काशीबाई नावाच्या अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुल्यांनी दत्तक घेतला आणि त्याला स्वतःचं नाव दिलं: यशवंत जोतीराव फुले. १८८७ च्या मृत्युपत्रातही त्याला वारस केलं. या नावाची खरी कसोटी मात्र १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत लागली. टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं मडकं, कोण धरणार यावरून भाऊबंद अडून बसले. दत्तकाला तो मान नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं स्वतःच्या हातात घेतलं आणि पुढे चालू लागल्या. कागदावरचं नाव भाऊबंदकीला पुरेसं वाटलं नव्हतं. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करताना गेल्या, तेव्हा रोग्यांसाठी उघडलेला दवाखाना त्याचाच होता.

धर्मसंस्थांच्या आश्रमांनी दुसरी वाट धरली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि शेकडो मुली घेऊन पुणे जिल्ह्यातल्या केडगावला परतल्या. भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींसाठी बार्तीमी सदन उभं राहिलं. रमाबाईंची मुलगी मनोरमा तिथे ब्रेल शिकवू लागली. सदनाला नाव मिळालं ते बायबलमधल्या आंधळ्या बार्तिमयाचं. मिशनच्या घरांत सहसा बाप्तिस्म्याबरोबर नवं नाव यायचं, आणि त्याच्यासोबत एक अख्खा समाज. सोय चांगली होती, पण त्यासाठी धर्म घ्यावा लागे.

विदर्भातलं उत्तर याहून साधं निघालं. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचं बालगृह आहे. पापळकर गाडगेबाबांना मानणारे. रेल्वे स्थानकांवर, रस्त्याकडेला सापडलेली अंध, मूकबधिर, मतिमंद मुलं त्यांच्याकडे येत गेली. संख्या १२३ झाली, आणि सगळ्यांच्या नावापुढे बाप म्हणून एकच नाव, पापळकरांचं. आधारकार्डावर तेच, रेशनकार्डावर तेच. कायद्याच्या भाषेत हे दत्तक नव्हे. एका माणसाला इतकी मुलं दत्तक घेताही येत नाहीत. पापळकरांनी फक्त रकाना भरला. त्या बळावर मुलांची शाळा झाली, कितीकांची लग्नंही झाली. इथल्याच माला पापळकर या अंध मुलीने लोकसेवा आयोगाची लिपिकाची परीक्षा पार केली. २०२४ मध्ये पापळकरांना पद्मश्री मिळाली.

त्यांचा सरकारशी तंटा मात्र नावावरून नाही, वयावरून आहे. बालगृहात राहायची मुदत अठराव्या वर्षी संपते. गतिमंद मुलगी अठरा वर्षांची झाली म्हणून जाणार कुठे, असं ते विचारत राहिले. वझ्झरची मुलं मोठी झाली तरी घरीच राहिली. देशभरातल्या अशा मुलांना आयुष्यभर राहता यावं असा कायदा करा, ही त्यांची मागणी.

मधल्या काळात रकानेही हलले. २०१६ च्या अखेरीस पासपोर्टचे नियम बदलले, आणि जन्माचा दाखला नसलेल्या अनाथाला आश्रमाच्या प्रमुखाने लेटरहेडवर लिहून दिलेली जन्मतारीख चालू लागली. २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांना नोकरीत आणि शिक्षणात एक टक्का आरक्षण दिलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नावही सक्तीचं झालं: आधी मुलाचं, मग आईचं, मग बापाचं, शेवटी आडनाव. अनाथांना त्यातून सूट आहे.