टप्पा बदलला, वाट तीच

समर्थ मंदिराचा चौक मागे पडला की कासचा रस्ता चढायला लागतो आणि यवतेश्वरपर्यंत पाय सोडत नाही. पावसाळ्यात पहाटे साडेपाचला इथे उभं राहिलं तर धुक्यातून माणसांआधी आवाज येतात. ओल्या डांबरावर बुटांची चपचप, लागलेला दम, आणि मध्येच कोणीतरी मागच्याला धीर देत असतो, "चल रे, एवढं एकच वळण, मग सपाट आहे." ही थाप सगळ्यांना ठाऊक असते, तरी पाय उचलले जातात. वळणापलीकडे आणखी एक वळण असतं. खाली सातारा अजून झोपेत असतो, समोर अजिंक्यताऱ्याचा काळा आकार हळूहळू उजळत जातो.

या घाटाला देशभर नाव मिळालं ते 2012 मध्ये सुरू झालेल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमुळे. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर काही अंतर जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. अंतर 21 किलोमीटरच्या थोडं वर. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर आहे आणि कासचं पठार सुमारे 1200 मीटरवर, यावरून चढाचा अंदाज यावा. 2015 मध्ये एकाच डोंगरावर एका वेळी सर्वाधिक लोक धावल्याचा गिनेस विक्रम या शर्यतीच्या नावावर लागला. आकडा होता 2618. तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या धावपटूंच्या तोंडी सातारा म्हणजे ‘ती चढाची शर्यत’.

हे सगळं कौतुकाचंच आहे. पण सातारा धावायला 2012 मध्ये शिकला असं कोणी म्हटलं, तर ते अडीच-तीनशे वर्षं विसरल्यासारखं होईल. या डोंगरात धावणं हा एकेकाळी चाकरीचा भाग होता, आणि त्यावर पोट भरणारी माणसं होती.

शाहू महाराजांचा राज्याभिषेक 12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यात झाला. पुढे कारभाराचा जोर पुण्याकडे सरकला, पण छत्रपती साताऱ्यातच राहिले. एका राज्याचे दोन खांब शंभर किलोमीटरहून जास्त अंतरावर, मध्ये खंबाटकीचा डोंगर आणि नीरा नदी. कोकण, कोल्हापूर आणि कर्नाटकातल्या छावण्यांशी होणारा व्यवहार वेगळाच. ही सगळी कागदपत्रं पायांवर चालत. मराठी दफ्तरांत जागोजागी भेटणारी ‘जासूदजोडी’ ती हीच. जासूद सहसा जोडीने पाठवत. वाटेत एकाला ताप भरला, साप चावला किंवा चोरांनी गाठलं, तर दुसऱ्याने थैली पुढे न्यावी, असा साधा हिशेब. जासूद म्हटलं की आज हेर आठवतो. दफ्तरातला जासूद मात्र बहुतेक वेळा घामाने भिजलेला, पायाला भेगा पडलेला निरोप्या असतो.

घोडा असताना माणूस का पळवायचा? सह्याद्री पाहिलेल्याला हा प्रश्न पडत नाही. गाडीरस्ते होण्याआधी घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या कित्येक वाटा म्हणजे कातळात पाय ठेवण्यापुरत्या खोबणी होत्या. तिथे घोडा हाताने धरून उतरवावा लागतो, आणि पावसाळ्यात तर तेही नाही. माणूस मात्र ओढ्यात उतरतो, दगड बघून उडी टाकतो, करवंदीच्या जाळीतून वाकून निघतो.

इंग्रजांच्या काळात या पायांना नवा मालक मिळाला. 1829 मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वर इंग्रजांकडे गेलं, बदल्यात साताऱ्याच्या राज्याला खंडाळा मिळालं. थंड हवेला आलेल्या साहेबांना पत्रं वेळेवर हवी असत, आणि ती डोंगर चढून आणायला डाकवाला होताच. टपाल म्हणजे मुळात हीच व्यवस्था, ठरावीक टप्प्यांवर बदलत जाणाऱ्या माणसांची साखळी. एकाने आपला टप्पा पळायचा, थैली दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायची आणि परतीची थैली घेऊन माघारी फिरायचं. हातात घुंगरं बांधलेली काठी असे. जनावरानं बाजूला व्हावं आणि पुढच्या चौकीतल्या गड्यानं उठून तयार राहावं, ही दोन्ही कामं त्या घुंगरांची. आज डोंगरात धावणारे कानात गाणी घालून जातात. रानाच्या दृष्टीने घुंगरू जास्त शहाणं होतं.

रस्ते आणि रेल्वे आली तशी ही चाकरी संपत गेली. पळणारे पाय मात्र राहिले, आणि एका पारशी उद्योगपतीच्या नजरेत भरले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत दोराबजी टाटांनी शेतकरी घरांतल्या पोरांना लांब पल्ल्याच्या शर्यती अनवाणी पळताना पाहिलं. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या होत्या. टाटांनी पुढाकार घेतला, आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानातून छोटा संघ गेला. त्यात मॅरेथॉनसाठी दोघे होते, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार. त्या वर्षी मॅरेथॉनचं अंतर 42.75 किलोमीटर होतं, आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. चौगुले 2 तास 50 मिनिटांत पोहोचून एकोणिसावे आले. दातारांचं नाव त्यांच्या गावातही क्वचित निघतं. यवतेश्वरच्या पायथ्याशी त्यांच्या नावाची एक पाटी असती तर शर्यतीला येणाऱ्या हजारोंना कळलं असतं, की आपण कोणाच्या गावात धावतोय.

साताऱ्यात धावणं भाकरीशी जोडलेलं राहिलं ते मुख्यतः फौजेमुळे. अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ लावतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण कामी आले. आजही कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पोरं-पोरी रस्त्याकडेने पळताना दिसतात. त्यांना पदक नको असतं, भरतीत 1600 मीटरची वेळ बसवायची असते. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर अशाच कोरड्या माळावरून आली आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत भारतीय महिला पोहोचली होती ती 1984 मधल्या पी. टी. उषानंतर प्रथमच.

शेजारच्या सांगली जिल्ह्याची गोष्ट वेगळी मांडायची गरज नाही, कारण 1949 पर्यंत तिचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता. आधी ‘दक्षिण सातारा’ झाला, मग 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला ‘साताऱ्याचं’ म्हणतात, जरी त्याचं केंद्र असलेलं कुंडल आज सांगलीत असलं तरी. जी. डी. बापू लाड आणि प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या कार्यकर्त्यांनी 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम पळवली. त्या भूमिगत काळात निरोप, हत्यारं, जेवण, सगळं रात्री, पायी, डोंगरांच्या आडोशाने जाई. जासूदजोडीचंच काम, फक्त थैली छत्रपतींची नव्हती.

त्याच टापूत देवराष्ट्रे गावाजवळ सागरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचं, आणि बहुतांशी माणसांनी उभं केलेलं. वृक्षमित्र धो. म. मोहिते यांनी उघड्या बोडक्या डोंगरावर झाडं लावायचा ध्यास घेतला, हरणं आणून सोडली गेली, आणि 1985 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. वरच्या कड्यावरून कृष्णाकाठचा उसाचा हिरवा पट्टा दिसतो आणि पायाखाली कोरडा मुरूम असतो. डोंगरातल्या पायवाटा कशा असाव्यात हे शिकायला सांगलीकरांना लांब जायची गरज नाही.

पण या दोन जिल्ह्यांतली धावण्याची सगळ्यात जिवंत परंपरा शर्यतीत नाही, ती ज्योतीत आहे. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गावोगावचे टेम्पो निघतात, कोणी प्रतापगडावर भवानीला, कोणी मांढरदेवीला, कोणी थेट तुळजापूरला. शिवजयंतीला पुन्हा गडागडांवर हीच गर्दी. देवीपुढे किंवा महाराजांच्या पुतळ्यापुढे मशाल पेटवायची आणि गावापर्यंत विझू न देता पळत आणायची. काठीला घट्ट चिंध्या, त्यावर तेल, वाटेत पुन्हा तेल पाजायला एक डबा. एक जण मशाल घेऊन पळतो, दोघे बाजूने, बाकीचे टेम्पोत. ठरल्या अंतरावर टेम्पोतून एक उडी मारतो, पळता पळता मशाल हातात घेतो, आधीचा धापा टाकत फळीवर चढतो. बरीच पोरं अनवाणी असतात. पहाटेच्या घाटात लांबून ती ज्योत एखाद्या वळणावर दिसते, दुसऱ्या वळणावर लपते. गावाच्या वेशीवर बायका आरती घेऊन उभ्या असतात, आणि शेवटचा टप्पा कोणी पळायचा यावरून आदल्या आठवड्यात भांडण झालेलं असतं.

टप्प्यावर हात बदलणं, विझू न देणं, रात्री पळणं. डाकवाल्याची नोकरी गेली, पण तिची रीत या पोरांनी नकळत जपली आहे. अलीकडे टेम्पोवर डीजे आला आणि महामार्गावर ट्रकांच्या शेजारून पळणं जिवावर बेतू लागलं, हेही खरं. जुन्या गाववाटेने ज्योत आणणारी मंडळं अजून आहेत. ती शहाणी आहेत.

सगळ्याच जुन्या वाटा मात्र उरलेल्या नाहीत. साताऱ्याहून कास, बामणोली करत कोयनेचं खोरं ओलांडायचं, वासोट्याच्या पायथ्याने घाटमाथा गाठायचा आणि कोकणात चोरवण्याला उतरायचं, ही एके काळची वाट. 1960 च्या दशकात कोयना धरण झालं आणि खोऱ्यातला टप्पा शिवसागर जलाशयाखाली गेला. आता बामणोलीहून लाँच धरावी लागते. 2010 मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सुमारे 1165 चौरस किलोमीटरचं हे रान सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलं आहे. तिथली गावं उठली, वाटांवर कारवी आणि गवत माजलं. जिथे जासूद पळत असे तिथे आज परवाना आणि वाटाड्या लागतो, आणि पळायचं नसतं. धावपटूंना याचा राग येतो. यायला नको. पळणाऱ्या माणसाकडे बिबट्या आणि अस्वल पाहुणा म्हणून बघत नाहीत.

कासचा प्रश्न नाजूक आहे. पठारावरचा मातीचा थर काही ठिकाणी बोटभर जाडीचा, खाली जांभा. 2012 मध्ये, म्हणजे शर्यत सुरू झाली त्याच वर्षी, पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या यादीत कासचा समावेश झाला. पठारावरून कुमुदिनी तळ्याकडे जाणाऱ्या वाटेला अजूनही ‘राजमार्ग’ म्हणतात. साताऱ्याहून महाबळेश्वरकडे जाणारी ती जुनी वाट. धावायला मोहात पाडणारी, जवळजवळ सपाट, दोन्ही बाजूंना तेरडा आणि सोनकी. सुदैवाने मॅरेथॉन पठाराच्या बऱ्याच अलीकडे वळते, कारण साडेदहा किलोमीटरनंतर माघारी फिरावंच लागतं आणि कास शहरापासून पंचवीसेक किलोमीटर आहे. अंतराच्या हिशेबाने झालेली ही भलाई आयोजकांनी नियम म्हणूनच जपावी.

तेव्हा यायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये आडवारी या, उजाडायच्या आत यवतेश्वरचा घाट चढा आणि गाड्यांची रांग लागण्यापूर्वी खाली उतरा. राजमार्गावर गेलात तर बूट डांबरी सडकेवरच्या वेगाने टाकू नका, चालत जा.