विशेषण हलले, की अर्थ हलतो

सोलापूर - 'जुन्या चादरींच्या दुकानात गर्दी' असा मथळा वाचताच प्रश्न पडतो, जुने काय? चादरी की दुकान? चादरींसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या शहरात हा फरक लहान नाही. एका अर्थाने दुकानाची परंपरा कळते. दुसऱ्याने तेथे वापरलेला माल मिळतो, असा समज होतो. शब्द सारे बरोबर आहेत. चुकली ती विशेषणाची जागा.

खूण कोठे पुसली जाते?

मराठीत विशेषण सहसा नामाच्या आधी येते. 'जुना, जुनी, जुने' अशी विशेषणे नामाच्या लिंगवचनानुसार बदलतात. म्हणून 'जुने चादरींचे दुकान' यात जुने काय, हे रूपावरूनच कळते. मात्र नामाला विभक्तीचा प्रत्यय लागला, की सर्व लिंगांत आणि वचनांत 'जुन्या' हे एकच रूप उरते. 'लाल', 'स्वस्त' यांसारखी विशेषणे तर मुळातच बदलत नाहीत. अशा वेळी आधार जागेचाच. 'चादरींच्या जुन्या दुकानात' असे लिहिले, की संदिग्धता संपते.

सोलापुरात अनेकांची घरची भाषा कन्नड किंवा तेलुगू आहे. या भाषांतही विशेषण नामाआधीच येते. पण नामाच्या लिंगानुसार त्याचे रूप बदलत नाही. त्यामुळे जागेची सवय घरूनच मिळते, रूपाकडे मात्र मराठी लिहिताना वेगळे लक्ष द्यावे लागते.

'फक्त'ची फिरती जागा

दिवाळीच्या तोंडावर कारखान्याच्या फलकावर लागणारी सूचना कल्पून पाहावी. 'फक्त कामगारांना शनिवारी पगार मिळेल' म्हणजे इतरांना त्या दिवशी मिळणार नाही. 'कामगारांना फक्त शनिवारी पगार मिळेल' म्हणजे अन्य दिवशी नाही. 'कामगारांना शनिवारी फक्त पगार मिळेल' म्हणजे बोनसची आशा नको. एक शब्द सरकला आणि घरखर्चाचे गणित बदलले.

बातमीतील घोटाळे

'चोरी करताना पोलिसांनी तरुणाला पकडले' या वाक्यात चोरीचा आळ पोलिसांवरच येतो. 'चोरी करणाऱ्या तरुणाला पोलिसांनी पकडले' हे निःसंदिग्ध आहे. 'आयुक्तांनी काल बंद केलेला रस्ता खुला केला' यात 'काल' कशाशी जोडावा, हे कळत नाही. 'बंद केलेला रस्ता आयुक्तांनी काल खुला केला' असे लिहिल्यास तो प्रश्न उरत नाही.

मराठी व्याकरणाची परंपरा जुनी आहे. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये, तर मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. रोजच्या लेखनासाठी मात्र एक साधी कसोटी पुरेशी आहे. ज्या शब्दाबद्दल सांगायचे, त्याच्या लगत विशेषण किंवा क्रियाविशेषण ठेवावे आणि विषय ठाऊक नसलेल्या व्यक्तीला वाक्य वाचायला द्यावे. 'कोण?', 'काय?' किंवा 'कधी?' असा प्रश्न तिने विचारला, तर सूचना फलकावर लावण्यापूर्वी वाक्य पुन्हा लिहावे.