असारियन आणि दमडी
रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या ग्रीक शहरांनी आपापली काशाची चिल्लर पाडली, पण नाण्यावर किंमत लिहिण्याची तसदी बहुतेकांनी घेतली नाही. आकार आणि वजन बघून घेणाऱ्याने समजून घ्यावे! अनातोलियाच्या किनाऱ्यासमोरचे खिऑस बेट मात्र अपवाद. तिथल्या नाण्यांवर एका बाजूला स्फिंक्स, दुसऱ्या बाजूला दोन कानांचा मद्यकुंभ आणि सोबत चक्क अक्षरी किंमत: 'असारियन', 'दोन असारिया', 'तीन असारिया'. लिपी ग्रीक, शब्द रोमचा.

मूळ लॅटिन शब्द 'आस', म्हणजे एकक. सुरुवातीला हा आस पौंडभर वजनाचा, काशाचा ओतीव ऐवज होता. ऑगस्टसच्या काळापर्यंत तो झिजत अकराएक ग्रॅमच्या तांब्याच्या नाण्यावर आला, दिनारियसचा सोळावा हिस्सा. (फाशावरचा एक, पत्त्यांतला एक्का आणि टेनिसमधली 'एस' हे इंग्रजी घराणे याच आसचे.) त्याच्या 'असारियस' या जुन्या रूपाचे ग्रीकांनी 'असारियन' केले. ग्रीकमध्ये '-इयन' लहानपणाही दाखवतो, त्यामुळे कानाला ते 'छोटा आस' असेच वाटणार. ज्यूंच्या मिश्नात तोच 'इस्सार' झाला.

मत्तयाच्या ग्रीक शुभवर्तमानात एका असारियनला दोन चिमण्या मिळतात. लूककडे दोन असारियांना पाच, म्हणजे चारांवर एक फुकट. हिशेब अस्सल मंडईतला. मराठी बायबलने इथे 'दमडी' घातली. निवड अगदी देशी वाटते. पण दमडी निघाली दामापासून, दाम द्रम्मापासून आणि द्रम्म म्हणजे ग्रीकांचे 'द्राख्मे'. ग्रीक मजकुरात लॅटिन नाणे आणि मराठी मजकुरात ग्रीक! भाषांतरकाराच्या हे ध्यानात असेल असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच त्यात जास्त मजा आहे.

द्राख्मेचा मूळ अर्थ मूठभर. चमडी गेली तरी दमडी न सोडणाऱ्याला तो आवडावा. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्म आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) सोळा पणांचा एक द्रम्म होतो. इथेही सोळाच, पण रोमशी त्याचा संबंध जोडायची घाई नको. सोळाचा हिशेब आपल्या आण्यांनाही होता. मूळचे द्राख्मे चांदीचे. अकबराचा दाम मात्र तांब्याचा, रुपयाला चाळीस. त्या दामालाही 'डी' लावून आपण आणखी खाली उतरवले. ग्रीकांच्या '-इयन'चे काम मराठीत या 'डी'ने केले.